मापाचं रक्त

प्रयोगशाळेत त्याला सगळे ‘नमुना’ म्हणायचे. त्यात निम्मी चेष्टा होती आणि निम्मा मान. रक्त तपासणाऱ्या कुठल्याही ठिकाणी एक मापाची बाटली ठेवावी लागते. तिच्यातल्या प्लाझ्माचे आकडे आधीपासून ठाऊक असतात. रोज सकाळी यंत्र सुरू केलं की आधी ती बाटली तपासायची. आकडा ठरल्याप्रमाणे आला तर यंत्र शुद्धीवर आहे असं धरायचं आणि मगच लोकांच्या रक्ताला हात लावायचा. काही जण ही बाटली विकत आणतात. या प्रयोगशाळेत ती घरच्या घरी, म्हणजे कर्मचाऱ्यांच्याच रक्तातून तयार होत असे, आणि बऱ्याच काळापासून तिच्यातलं सगळं रक्त या एकाच तंत्रज्ञाचं होतं.

पूर्वी तिघाचौघांचं रक्त एकत्र करत. पण एक जण जिन्यामागे जाऊन सिगारेट ओढतो हे उघडकीला आलं. एकीला डॉक्टरांनी व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या होत्या. एकाला सुई पाहिली की चक्कर यायची, आणि तो रक्ताच्याच प्रयोगशाळेत नोकरीला कसा लागला हे कोडं कुणालाच सुटलं नव्हतं. उरला हा. सव्वीस वर्षांचा, काठीसारखा बारीक, पहाटे उठून धावणारा. त्याचा प्लाझ्मा दिसायला असा स्वच्छ आणि सोनेरी, की शिकाऊ मुलांना दाखवायला बाहेर काढायचे. काविळीपासून रक्तातून पसरणारे सगळे रोग वेळोवेळी तपासले जायचे. त्यात कधी काही निघालं नाही. वर व्हिटॅमिन ईचा आकडा सगळ्यांत जास्त.

या आकड्यालाच तिथे महत्त्व होतं. संस्थेत तरुण मुलामुलींवर एक अभ्यास चालू होता. उघडं राहिलेलं तेल काही दिवसांनी खवट होतं, कारण त्याला हवेतला ऑक्सिजन लागतो. रक्तात फिरणाऱ्या चरबीचंही असंच काहीसं होतं, आणि ती बिघडलेली चरबी धमन्यांच्या भिंतींत साठत जाते. तिला बिघडू न देणारे पदार्थ म्हणजे अँटिऑक्सिडंट. व्हिटॅमिन ई त्यांपैकी एक. विशीतल्या रक्तात हे रखवालदार किती आहेत हे पाहून, पुढे कुणाच्या हृदयाला धोका आहे याचा अंदाज बांधता येईल का, असा अभ्यासाचा प्रश्न होता. विशीतलेच का, असं कुणी विचारलं की प्रयोगशाळेचे प्रमुख, ज्यांना सगळे ‘सर’ म्हणत, ते सांगायचे, “माझ्या वयाच्या माणसाचं सांगायला यंत्र कशाला हवं? जिना चढताना बघा.”

नमुन्यानं रक्त दिलं की त्या दुपारचा चहा त्यानं सरांच्या खुर्चीत बसून प्यायचा, असा तिथला रिवाज पडला होता. सर स्वतः स्टुलावर बसायचे. तो पाय पसरून म्हणायचा, “सर, जरा साखर कमी पडली.” सर म्हणायचे, “पी गपचूप. रक्त दिलंस, राज्य नाही दिलंस.”

मग एक नवीन डॉक्टर रुजू झाली. तिशीची, कमी बोलणारी, आल्या दिवशीच फ्रिजच्या दाराचं रबर सैल आहे हे दाखवून देणारी. तिचं म्हणणं असं, की नुसतं व्हिटॅमिन ई मोजून काही कळत नाही. ते चरबीत विरघळतं आणि रक्तात चरबीच्याच गाड्यांत बसून फिरतं. गाड्या जास्त असल्या की रखवालदारही एकूण जास्त दिसणार. तेव्हा दर गाडीमागे किती, ते बघायला हवं. म्हणजे ज्याचं व्हिटॅमिन ई मोजलं, त्याचं कोलेस्टेरॉलही त्याच यंत्रावर, त्याच वेळी मोजायचं. सरांना हे पटलं. इतके दिवस आपल्याला का सुचलं नाही याचा त्यांना थोडा रागही आला. तो त्यांनी फ्रिजच्या रबरावर काढला.

पहिल्या सकाळी रिवाजाप्रमाणे मापाची बाटली लावली. कोलेस्टेरॉलचा आकडा आला तो असायला हवा त्याच्या सुमारे दुप्पट.

“नवं किट आहे, नखरे करणारच,” सर म्हणाले.

किट बदललं. आकडा तोच. यंत्र धुऊन काढलं. कंपनीचा माणूस आला, त्यानं झाकण उघडून आत टॉर्च मारला, चहा घेतला, यंत्र ठणठणीत आहे असं सांगून गेला. बाहेरून आणलेल्या तयार बाटलीचा आकडा बरोबर येत होता. मग ती सदोष आहे अशी शंका सरांनी काढली. या सगळ्यात आठवडा गेला. खोलीतल्या प्रत्येक वस्तूवर संशय घेऊन झाला. ज्याच्या दंडातून ते रक्त आलं होतं तो माणूस तिथेच उभा राहून हातमोजे घालत-काढत होता, पण त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही. माप चुकेल कसं?

शेवटी डॉक्टर म्हणाली, “बाटलीच खराब झाली असेल. मध्यंतरी फ्रिज बंद पडला होता का?”

नमुन्याला हे लागलं. “मॅडम, फ्रिजला बोला, यंत्राला बोला. बाटलीला काही बोलू नका. ती माझी आहे.”

“म्हणूनच विचारतेय.”

“ताजं काढतो. मग तर झालं?”

खुर्चीत बसून त्यानं दंडाला पट्टा बांधला, एक टोक दातांत धरून आवळला आणि आपलं रक्त आपणच काढलं. इतरांचं काढताना तो गप्पा मारायचा. आता मारल्या नाहीत. नळी फिरवून प्लाझ्मा वेगळा केला. नेहमीसारखाच, स्वच्छ आणि सोनेरी. या जातीच्या चरबीनं रक्त गढूळ दिसत नाही, हे त्यानं शिकताना वाचलं होतं आणि परीक्षेत लिहिलंही होतं.

आकडा आला. बाटलीच्या आकड्याशी जवळजवळ तंतोतंत जुळणारा.

“परत लाव,” सर म्हणाले. परत लावला. मग सर उठले, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. “अहो पण हा नुसती काठी आहे! सकाळी धावतो. डब्यात उकडलेलं आणतो, आम्ही हसतो त्याला. याला कोलेस्टेरॉल येणार कुठून?”

“त्याच्या जेवणातून नाही येत, सर,” डॉक्टर म्हणाली. मग तिनं नमुन्याला विचारलं, “वडील काय करतात?”

“लिफ्ट दुरुस्त करायचे. गेले. मी दहा वर्षांचा होतो.”

“कशानं?”

“हार्ट अटॅक. एका इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मोटारीच्या खोलीत. एकोणचाळीसचे होते. सिगारेट ओढायचे मधूनमधून. आणि घरात म्हणतात, तेलकट फार खायचे.”

“बूट काढ.”

“काय?”

“बूट आणि मोजे. दोन्ही पायांचे.”

तिनं त्याच्या टाचेमागची, पोटरीला टाचेशी जोडणारी शीर चिमटीत धरून पाहिली. जाड होती, आणि तिच्यावर कठीण गाठी होत्या. तो म्हणाला, धावण्यानं झालंय. धाकटी बहीण बुटांच्या दुकानात आहे, ती म्हणते तुझ्या टाचा बूट खातात. डॉक्टर हसली नाही. काही घराण्यांत यकृत ही चरबी रक्तातून पुरेशी उचलूनच घेत नाही, तिनं सांगितलं. जन्मापासून. माणूस बारीक असो की जाड. ती मग धमन्यांत साठते, टाचेत साठते. आई किंवा वडील यांच्यापैकी एकाकडून हे आलेलं असतं आणि प्रत्येक भावंडाला असण्याची शक्यता निम्मी. वेळेवर कळलं तर रोजच्या गोळीनं पुष्कळसं आटोक्यात राहतं. कळलं नाही तर चाळिशीत कळतं.

“आणि माझं व्हिटॅमिन ई?” त्यानं विचारलं. ते विचारणं थोडं केविलवाणं होतं.

“गाड्या दुप्पट, म्हणून एकूण जास्त दिसायचं. दर गाडीमागे बघितलं तर तुझं कमीच भरतं.”

त्या दुपारी सरांनी त्याला चहासाठी खुर्चीत बसायला सांगितलं. तो म्हणाला, काम आहे.

वरच्या मजल्यावर हृदयाचे डॉक्टर बसतात. नवीन डॉक्टरनं चिठ्ठी लिहून दिली. तो गेला नाही. त्याऐवजी त्यानं जे केलं, ते प्रयोगशाळेतल्याच माणसाला सुचलं असतं: औषधाच्या दुकानातून व्हिटॅमिन ईच्या कॅप्सूल आणल्या आणि घ्यायला लागला. काही आठवड्यांनी त्यानं स्वतःचं रक्त काढून गुपचूप यंत्रावर लावलं. रखवालदार वाढले होते. दर गाडीमागेही वाढले होते. तो आकडा घेऊन तो डॉक्टरकडे गेला, मार्क दाखवायला यावं तसा.

तिनं कागद पाहिला. “कोलेस्टेरॉल?”

“तेवढंच आहे.”

“कॅप्सूल किती दिवस घेतोयस?”

“काही आठवडे.”

“पेपर फुटला की मार्क वाढतात. विषय येत नाही. हजारो लोकांना या गोळ्या देऊन बघितल्यात, हार्ट अटॅक काही कमी झाले नाहीत. हे तुला मी सांगायला हवं? त्या निकालांचा तक्ता तूच बाहेर भिंतीवर चिकटवलायस.”

“माहितीये मॅडम.”

“मग?”

“माहितीये, पण घेतल्या.”

तिनं कागद परत दिला. “बहिणीला सांगितलंस?”

“नाही,” तो म्हणाला. त्याचं कारण जुनं होतं.

त्याच्या घरात तळण बंद होऊन सोळा वर्षं झाली होती. वडील गेले त्या दिवशी घर माणसांनी भरलेलं असताना त्यांच्या मोठ्या बहिणीनं, म्हणजे नमुन्याच्या आत्यानं, सगळ्यांसमोर त्याच्या आईला म्हटलं होतं, “तळून तळून घातलंस माझ्या भावाला. तूच मारलंस.” दुःखात माणूस काहीही बोलतं, असं नंतर नातेवाईकांनी समजावलं. आईनं वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी तिनं कढई माळ्यावर टाकली. दोन्ही मुलं उकडलेल्या भाज्यांवर वाढली. शेजारच्या घरातून तळणाचा वास आला की खिडकी लावून घेतली जायची. आत्याकडे जाणं-येणं थांबलं. आत्याचं नावही निघत नसे, निघालं तर ‘त्या बाई’ असं.

त्या बोलण्याला आईनं कधी उत्तर दिलं नाही, कारण तिला ते खरं वाटत होतं. मुलाला हे बारा-तेरा वर्षांचा असल्यापासून कळत होतं. आता त्याच्या हातात उत्तर होतं. सोळा वर्षं तेलाचा थेंब न खाता त्याच्या रक्तात तेच होतं जे बहुधा वडिलांच्या होतं. आई निर्दोष सुटत होती. पण ते सांगायचं म्हणजे त्याच वाक्यात स्वतःला अडकवून घ्यायचं होतं, कदाचित बहिणीलाही.

शेवटी बहिणीनंच विषय काढला. सुट्टीचा दिवस होता, ती दुकानातून त्याच्यासाठी बूट घेऊन आली होती आणि तिसरा जोडही त्याच्या टाचेला लागत होता. “ही टाच आहे का दगड? आई, तू याला लहानपणी चुन्यात उभा करायचीस का गं?”

आई भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, “त्यांचीही अशीच होती. बूट घातले की शिव्या द्यायचे दुकानदाराला.”

बहीण हसली. तो हसला नाही, आणि मग त्यानं सांगितलं. प्रयोगशाळेतल्या माणसानं सांगावं तसं, क्रमानं: बाटली, किट, यंत्र, ताजं रक्त, टाच. बहिणीनं मधे दोनदा “म्हणजे?” विचारलं. आईची सुरी थांबलेली होती.

“म्हणजे बाबा तळणानं नाही गेले, आई. तळण असतं-नसतं तरी फार फरक पडला नसता. सिगारेटनं भर घातली असेल. पण मूळ दुखणं रक्तातच होतं. माझ्यात आहे. माझ्या जेवणात तर तू काही ठेवलंच नाहीस.”

“तुझ्यात आहे,” आई म्हणाली.

“हो.”

“आणि हिच्यात?”

“बघायला लागेल.”

आईनं चिरलेली भाजी परातीत लोटली. “मग माझ्यामुळेच गेले असते तर बरं झालं असतं,” ती म्हणाली. “तू तरी सुटला असतास.”

बहीण म्हणाली, “अगं, गोळी आहे त्याला. एक गोळी. तो काय लगेच मरत नाहीये.” आणि भावाकडे वळून, “चालू केलीस ना?”

“उद्या दाखवतो वर.”

“उद्या? कधीपासून माहितीये तुला? आणि दुसऱ्यांना सल्ले देतोस, उपाशीपोटी या, वेळेवर या!” तिनं बुटाचा खोका त्याच्या अंगावर फेकला. “मी येते उद्या. तुझ्या आधी माझं काढ. आणि नीट काढ, हात काळानिळा केलास तर बघ.”

दुसऱ्या दिवशी बहिणीचं रक्त त्यानं काढलं, पण यंत्र डॉक्टरला चालवायला लावलं. आकडा सर्वसाधारण होता. बहीण त्याच्याकडे पाहून म्हणाली, “सॉरी.” तो म्हणाला, “वेडी आहेस का.” मग दोघं जिना चढून वर गेले. हृदयाच्या डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली, मानेच्या धमन्यांची सोनोग्राफी केली. भिंत वयाच्या मानानं जाड व्हायला लागली होती, रस्ता अजून मोकळा होता. गोळी लिहून दिली, तीन महिन्यांनी परत बोलावलं. अभ्यासाच्या मापातून त्याचं रक्त काढून टाकण्यात आलं. जुने आकडे खोटे नव्हतेच, त्यांचा अर्थ लावण्यात चूक झाली होती, म्हणून सगळ्या तरुणांचा हिशेब दर गाडीमागे पुन्हा मांडायला घेतला. अँटिऑक्सिडंटवरून धोका खरंच आधी कळतो का, याचं उत्तर अजून आलेलं नाही. सर म्हणतात, येईल किंवा नाही येणार; एका माणसाचं कळलं, तेही आम्ही उलटं वाचल्यावर.

नवीन डॉक्टरनं त्याला आणखी एक प्रश्न विचारला होता: वडिलांना भावंडं आहेत का? एक मोठी बहीण. तिला मुलं? एक मुलगा, तिशीतला. मग त्यांनाही कळवायला हवं.

हे त्यानं घरी सांगितलं तेव्हा बहीण म्हणाली, “त्या बाईला? तिनं आईला काय म्हटलं ते विसरलास?” तो म्हणाला, विसरलो नाही, मी करतो फोन. पण फोन आईनंच लावला, आणि नंबर कुणाला विचारला नाही. तो तिला पाठ होता.

“ताई, मी बोलतेय,” ती म्हणाली. पलीकडून ‘कोण?’ असं आलं असावं, कारण तिनं पुन्हा सांगितलं, “मी. धाकट्याची बायको… नाही, सगळे बरे आहेत. रक्त तपासायला यायचं आहे. तुम्ही आणि मुलगा. उपाशीपोटी… का ते आल्यावर सांगते. नाही, फोनवर नाही सांगणार. तुम्ही फोनवर ऐकून घेत नाही.”

आत्या आली. साठी ओलांडलेली, दर महिन्याला बीपी मोजून घेणारी आणि त्याच्या पुढे काही न तपासलेली बाई. मुलगा गाडी लावायला मागे राहिला होता. आई तिला घेऊन कॉरिडॉरमधल्या बाकावर बसली आणि सगळं सांगितलं. काय सांगितलं ते आत ऐकू आलं नाही. नमुना दारात आला तेव्हा आत्या पदरानं चष्मा पुसत होती आणि आई भिंतीवरचा तक्ता वाचत होती.

“ये आत्या. कुठला हात देतेस?”

“कुठलाही घे,” ती म्हणाली. सुई आत गेली तरी ती त्याच्याकडेच बघत होती. “बापासारखा दिसतोस.”

“हो, तेच तर झालंय,” तो म्हणाला, आणि आत्याला हसू आलं ते तिनं लगेच आवरलं.

तिचा आकडा जास्त निघाला. मुलाचाही. दोघांना वरून गोळी लिहून मिळाली आणि मुलगा ती आणायला गेला. आत्या पुन्हा बाकावर येऊन बसली. शेजारी आई होती. मधे एका माणसाची जागा मोकळी होती.

“म्हणजे त्या दिवशी मी तुला जे बोलले…” आत्यानं सुरुवात केली.

“गोळी रात्री जेवल्यावर घ्यायची,” आई म्हणाली. “रोज. बरं वाटतंय म्हणून बंद करायची नाही. तुम्ही विसराल.”

“मी नाही विसरत काही.”

“बीपीची विसरता. तुमच्या मुलानं सांगितलं मघाशी. मी फोन करीन रोज.”

आत्यानं चष्मा डोळ्यांवर नीट बसवला आणि तिच्याकडे पाहिलं. “म्हणजे आता मरेपर्यंत रोज रात्री तुझा आवाज ऐकायचा का मी?”

“ऐकायचा,” आई म्हणाली. “पहिली गोळी आज आहे.”